तंबू, टमरेल आणि तूरडाळ: नॅशनल फॉरेस्टमधल्या मुक्कामाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये फुकट तंबू टाकून राहता येतं असं दोन ओळींत लिहिलं होतं, त्यावर एवढे मेल आले की या महिन्याचं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. तंबू कुठला घ्यावा असे बरेच प्रश्न होते, ते बाजूला ठेवलेत, कारण खरं सांगायचं तर तंबू हा यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे.

प्रश्न (डेन्व्हर): ताई, उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारची सगळी कॅम्पग्राउंडं सहा महिने आधीच बुक होतात. ऑफिसातला एकजण म्हणतो फॉरेस्टमध्ये जा, बुकिंगच नाही, पैसेही नाहीत. हे खरंच कायदेशीर आहे का? रात्री कोणी येऊन उठवणार नाही ना?

कायदेशीर आहे. आपली गडबड होते ती पार्क आणि फॉरेस्ट एकच समजल्यामुळे. नॅशनल पार्क इथल्या इंटीरियर खात्याच्या ताब्यात आणि नॅशनल फॉरेस्ट शेतीखात्याच्या ताब्यात, त्यांची फॉरेस्ट सर्व्हिस १९०५ पासून आहे. पार्क म्हणजे जपून ठेवायची जागा, तर फॉरेस्टमध्ये लाकूडतोड, गुरं चारणं, शिकार, मासेमारी, कॅम्पिंग सगळंच चालतं. अशी १५४ फॉरेस्ट आहेत आणि त्यातल्या बहुतेकांत आखलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर राहता येतं, त्याला इथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवसांपर्यंत. बदल्यात तिथे काहीच मिळत नाही. नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही, टेबल नाही, आणि फोनला रेंज तर नाहीच नाही.

पण "बुकिंग नाही" याचा अर्थ "कुठेही" असा नाही हं. प्रत्येक फॉरेस्टचा गाड्यांच्या रस्त्यांचा एक नकाशा असतो, एमव्हीयूएम म्हणतात त्याला, काळापांढरा, दिसायला एकदम रटाळ, पण तोच खरा. फुकट मिळतो, फोनवर आधीच उतरवून घ्या. त्यात काही रस्त्यांच्या कडेला बारीक ठिपके असतात, म्हणजे त्या रस्त्यालगत ठरावीक अंतरापर्यंत गाडी आत घेऊन मुक्काम करता येतो. ठिपके नसतील तर गाडी रस्त्यालगत लावा आणि तंबू उचलून चालत आत जा. आणि जिथे गर्दी फार झाली तिथे आता नंबर लावलेल्या जागाच ठरवून दिल्यात, तुमच्या जवळचं उदाहरण म्हणजे नेदरलँडजवळचं गॉर्डन गल्च, आणि क्रेस्टेड ब्यूटच्या आजूबाजूच्या खोऱ्यांतही २०२१ पासून तसंच झालंय. म्हणून ॲपवर कोणीतरी टाकलेला पिन बघून निघू नका, तो पिन पाच वर्षांपूर्वीचा असू शकतो. ज्या भागात जायचंय त्या रेंजर स्टेशनला गुरुवारी दुपारी फोन लावा. तिथली माणसं गप्पिष्ट असतात, कुठला रस्ता अजून बर्फाखाली आहे, कुठे साध्या गाडीचं पोट घासेल, सगळं सांगतात, आणि हे कुठल्याच वेबसाइटवर इतकं नीट मिळत नाही.

जागा निवडताना आधीच मळलेली जागा बघा, जिथे गवत आधीच गेलंय आणि कोणीतरी राहून गेल्याचं दिसतंय. नवीन हिरवळ तुडवायची नाही. पाण्यापासून आणि पायवाटेपासून २०० फूट लांब, म्हणजे मोठ्या माणसाची ७० पावलं. आणि तंबू लावायच्या आधी मान वर करून बघा! कोलोरॅडोत पाइन बीटल नावाच्या किड्याने लाखो एकरांवरची झाडं वाळवून ठेवलीत, ती उभीच असतात आणि वाऱ्याच्या एका झटक्यात आडवी होतात. साल निघालेलं करडं खोड दिसलं की त्याच्या उंचीच्या टप्प्यात झोपायचं नाही.

प्रश्न (ऑरोरा): सासू-सासरे पुण्याहून आलेत, दोघंही सत्तरीच्या आतबाहेर पण रोज पर्वती चढणारे. त्यांना एक रात्र तंबूत न्यावं असं मिस्टरांच्या डोक्यात आहे. मला भीती वाटते. नेऊ का?

न्या, पण मिस्टरांना म्हणावं पहिल्याच वीकेंडला लेडव्हिल नको. पुणं साधारण १,८५० फुटांवर. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास माथ्याएवढ्या उंचीवर तुमचा आख्खा परिसर वसलाय. आणि लेडव्हिल १०,००० फुटांच्या वर. पर्वती चढणाऱ्याचे गुडघे चांगले असतात पण विरळ हवेशी त्याचा काही संबंध नाही, तिशीतला पैलवानही डोकं धरून बसतो. साधारण ८,००० फुटांच्या वर झोपलं की त्रास सुरू होऊ शकतो. ते आल्यावर आधी काही दिवस घरीच राहू दे, मग ८,००० च्या आसपासची जागा बघा. पाणी भरपूर, पहिल्या रात्री जेवण हलकं. डोकं दुखून उलटी झाली किंवा चालताना तोल जायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच खाली उतरायचं. बीपीच्या, हृदयाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना आधी विचारा, हे मी सदरात सांगणं बरं नाही.

बाकी सोय करता येते. गाडी तंबूच्या शेजारी येईल अशीच जागा घ्या. खाली झोपून उठणं जड जात असेल तर फोल्डिंग कॉट. थंडी जमिनीतून येते, वरून नाही, त्यामुळे महागडी स्लीपिंग बॅग घेतली आणि खाली नुसती सतरंजी टाकली तर सासूबाई रात्रभर कुडकुडणार, खाली जाड पॅड हवंच. बॅगवर जे तापमान लिहिलेलं असतं ते बहुधा कसंबसं निभावेल असं असतं, आरामाचं वेगळं असतं, तर त्यापेक्षा दहा अंश फॅरनहाइट जास्त उबदार बॅग घ्या. जुलैतही दहा हजार फुटांवर रात्री ४-५ सेल्सियस होतं. कानटोपी सक्तीची, सासऱ्यांनी आणलेलीच असेल.

आणि हो, संडासाचं. त्याला वेगळाच प्रश्न आलाय, खाली बघा.

प्रश्न (नाव-गाव छापू नका): विचारायला लाज वाटते पण... सकाळी काय करायचं?

लाज कसली, नऊ जणांनी विचारायचं टाळून आडून आडून हेच विचारलंय.

छोटं खोरं घ्या, वीतभर लांबीचं प्लास्टिकचं किंवा ॲल्युमिनियमचं मिळतं. पाणी, वाट आणि तंबू या सगळ्यांपासून ७० पावलं लांब जा, जिथे पाणी साचत नाही अशी जागा. काळसर भुसभुशीत माती दिसली की सहा ते आठ इंच खोल खड्डा, म्हणजे खोऱ्याचं पातं बुडेल एवढा, आणि चारेक इंच रुंद. खोदताना वरचं गवताचं ढेकूळ अख्खं बाजूला ठेवा. काम झालं की माती लोटा, ढेकूळ वर झाकणासारखं बसवा, पायाने दाबा. सहा इंचच का, तर वरच्या थरातच जिवाणू असतात जे ते कुजवतात, फार खोल गेलात तर तसंच राहतं आणि फार वर ठेवलंत तर रात्री एखादा प्राणी उकरतो. टिश्यू पेपर पुरायचा नाही, झिपलॉकमध्ये घालून परत आणायचा. आता इथे आपल्या लोकांचा फायदा बघा, आपल्याला पाणीच लागतं! पाण्याची बाटली, नाहीतर बाटलीला लावायचं छोटं बिडे झाकण मिळतं ते घ्या, धुणं त्या खड्ड्यावरच, ओढ्यावर टमरेल घेऊन जायचं नाही. ओला वाइप मात्र अजिबात टाकू नका, तो कुजत नाही.

झाडं संपतात त्या उंचीवर, खडकाळ जागी, मातीच नसते, तिथे पावडर घातलेली खास पिशवी मिळते, त्यात करून परत आणायचं. कॅलिफोर्नियात माउंट व्हिटनीच्या पट्ट्यात तर ती सक्तीचीच आहे. वयस्कर माणसांसाठी झाकणाची बादली, त्यावर बसायची सीट आणि उभा चिंचोळा तंबू, हे सगळं मिळून फार महाग नाही. ऑरोराच्या सूनबाई, तुम्ही हेच घ्या. सासूबाई आधी नाही म्हणतील, सकाळी मात्र त्याच पहिल्या जातील.

प्रश्न (रॉली, नॉर्थ कॅरोलायना): आम्ही तीन कुटुंबं पिस्गा फॉरेस्टला जाणार. अस्वलं आहेत म्हणतात. आमच्या जेवणाला मसाल्याचा वास जरा जास्तच, त्याने अस्वल येईल का?

येईल की. पण नुसत्या मसाल्याने नाही, त्याला गोडाचाही वास येतो, टूथपेस्टचाही, साबणाचा, खोबरेल तेलाचा, व्हिक्सचा, बाळाच्या वाइप्सचा, आणि कोणी जंगलात उदबत्ती लावत असेल तर तिचाही. हे सगळं "जेवण" समजायचं आणि तंबूच्या बाहेर ठेवायचं. तंबूत काहीही खायचं नाही, मुलांच्या खिशातली टॉफीसुद्धा तपासा.

तुमच्याकडे काळी अस्वलं आहेत, ग्रिझली नाहीत, ती वर मोंटाना-वायोमिंगकडे. काळं अस्वल बहुधा लाजरं असतं, त्याला तुम्ही नको असता, तुमचा डबा हवा असतो. पिस्गाच्या शायनिंग रॉक, ब्लॅक बाल्सम, सॅम नॉब या भागात मुक्कामाला अस्वलाला न उघडणारा कडक डबा, बेअर कॅनिस्टर, सक्तीचा आहे. जाड प्लास्टिकचा पिंप असतो, झाकण नाण्याने फिरवून उघडायचं. आउटडोअर दुकानात भाड्यानेही मिळतो. भरायची एक युक्ती सांगते. चिवडा, कुरमुरे, लेज याला हवा फार, अर्धा डबा त्यातच जातो. शेंगदाण्याची चिक्की, बेसनाचे लाडू, गूळपोळ्या, खजूर, सुकं मेतकूट, भाजलेला रवा, असं गच्च बसणारं आधी भरा, लाडू कोपऱ्यात दाबून बसवता येतात, फुटले तरी चुरा खाता येतो. डबा तंबूपासून शंभरेक यार्ड लांब, सपाट जागी, कड्यावर किंवा ओढ्याकाठी नको, नाहीतर अस्वल त्याला फुटबॉलसारखा लोळवत नेतं.

गाडीशेजारी राहणार असाल तर सामान गाडीत, काचा वर, दारं लॉक. लॉक म्हणजे खरंच लॉक, अस्वलाला दाराचं हँडल ओढता येतं. खरकटं पाणी गाळून लांब शिंपडा, गाळलेली शितं कचऱ्याच्या पिशवीत. समोर आलंच तर पळायचं नाही, सगळ्यांनी एकत्र उभं राहून हात वर, मोठ्याने ओरडायचं, ताट-वाट्या वाजवायच्या. तीन कुटुंबं आहात, आवाजाची तुम्हाला काळजी नाही.

आणखी एक, पिस्गा रेंजर डिस्ट्रिक्टमध्ये रस्त्यापासून १,००० फुटांच्या आत फक्त खूण केलेल्या जागीच तंबू टाकता येतो. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने त्या डोंगरांत रस्ते, पूल, पायवाटा खूप गेल्या, तेव्हा काय उघडं आहे ते निघायच्या आठवड्यात विचारून घ्या.

प्रश्न (सॅन होजे): शेकोटीशिवाय कॅम्पिंगला मजाच नाही. सिएरात जाऊन मक्याची कणसं भाजायचा प्लॅन आहे. लाकडं तिथलीच घेतली तर चालतं ना?

मजा आहे हे मान्य, पण या प्रश्नाला मी जरा कडकच उत्तर देणार. कॅलिफोर्नियात कॅम्पग्राउंडबाहेर शेकोटीच काय, साधी गॅसची शेगडी पेटवायलाही कॅम्पफायर परमिट लागतं. ऑनलाइन आहे, फुकट आहे, छोटासा व्हिडिओ आणि प्रश्न, दहा-पंधरा मिनिटांचं काम, वर्षअखेरपर्यंत चालतं. पण परमिट हातात आहे म्हणजे पेटवायला मोकळे असं नाही, उन्हाळा चढला की निर्बंध येतात आणि मग शेकोटी बंद, फक्त बटणाने बंद करता येणारी गॅस शेगडी चालते. २०२१ मध्ये तर ऑगस्टअखेर कॅलिफोर्नियातली जवळपास सगळी नॅशनल फॉरेस्ट लोकांसाठी बंदच केली होती, त्याच उन्हाळ्यात कॅल्डर आगीत एल्डोराडो फॉरेस्टमधलं ग्रिझली फ्लॅट्स हे गाव जळून गेलं. तुम्ही निघाल तेव्हा काय चालू आहे ते त्याच दिवशी बघा.

निर्बंध नसतील तर खाली पडलेलं, वाळलेलं लाकूड घेता येतं, मनगटापेक्षा जाड नको. उभ्या झाडाची फांदी मोडायची नाही, वाळलेली असली तरी. घरून लाकूड नेऊ नका, त्यातून झाडांची कीड एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाते. जुना दगडांचा गोल असेल तोच वापरा, भोवती पाच फूट पालापाचोळा साफ, खोरं आणि पाण्याची बादली पेटवायच्या आधी शेजारी.

विझवणं हेच लोकांना जमत नाही. माती लोटून निघून जातात, आत निखारा रात्रभर जिवंत राहतो आणि दुपारच्या वाऱ्याला उठतो. पाणी ओता, चर्र आवाज थांबेपर्यंत. मग काठीने ढवळा, दगड उलटे करा, त्यांच्या खालच्या बाजूला चिकटलेले कोळसे खरवडा. परत पाणी. राखेचा चिखल झाला पाहिजे. मग हाताची उलटी बाजू आधी वर धरा, मग हळूच टेकवा. कोमट लागलं तरी झालेलं नाही, परत पाणी. दोन-तीन बादल्या लागतात, पाणी तेवढं नसेल तर त्या रात्री शेकोटी करायचीच नाही. कणसं गॅसवर जाळी ठेवूनही भाजतात, तिखट-मीठ-लिंबू मात्र विसरू नका.

प्रश्न (कोलोरॅडो स्प्रिंग्ज): डोंगरात दोन तास उकळूनही तूरडाळ शिजली नाही. गॅस संपला. डाळ खराब होती का?

डाळ चांगली होती हो. दहा हजार फुटांवर पाणी साधारण ९० अंश सेल्सियसलाच उकळतं, कितीही जाळ लावा त्यापुढे जात नाही. गाडीने जात असाल तर तीन लिटरचा कुकर न्या, घरच्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त. पाठीवर सामान असेल तर तूर, राजमा, छोले विसरा. मुगाची डाळ भिजवून, नाहीतर सरळ पिठलं! बेसनाला ९० अंश पुष्कळ झाले, दहा मिनिटांत होतं, वजन काही नाही. दडपे पोहे, घरी भाजून नेलेला उपम्याचा रवा, सातूचं पीठ, हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहे आणि लोक पंधरा-पंधरा डॉलरची सुकवलेली पाकिटं घेतात.

गॅसचं म्हणाल तर नुसत्या ब्युटेनचे स्वस्त डबे गारठ्यात पेटत नाहीत, शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा घ्या. ओढ्याचं पाणी गाळून किंवा उकळून, कितीही नितळ दिसलं तरी, त्यात जिआर्डिया नावाचा परजीवी असू शकतो आणि तो काही आठवडे पोट धरून बसवतो. उकळायचं तर ६,५०० फुटांच्या वर तीन मिनिटं खळखळून. पोकळ धाग्याचा फिल्टर असेल तर रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, एकदा गोठला की आतून फाटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

फटाफट उत्तरं. ब्लूटूथ स्पीकर: नको, खरंच नको. कुत्रा: चालतो, दोरीवर ठेवा. ड्रोन: वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या भागात बंदी, तिथे सायकलसुद्धा नाही, १९६४ चा कायदा आहे. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास: शिकारीचा मोसम असतो, भडक केशरी जाकीट घाला, कुत्र्यालाही.

प्रश्न (फोर्ट कॉलिन्स): मी नाशिकचा, एमएसला आलोय. सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, रात्री गुहेत राहिलोय. इथे एकट्याने दोन रात्री वाइल्डरनेसमध्ये जाऊ का? रूममेट घाबरवतायत.

नळीची वाट केलीस म्हणजे पाय आणि डोकं दोन्ही ठिकाणावर आहेत, त्याबद्दल मला शंका नाही. पण तुझ्या सवयी ज्या गोष्टींवर उभ्या आहेत त्या इथे नाहीत. तिकडे कुठल्याही वाटेला पायथ्याशी गाव असतं, वाट चुकली तर गुराखी भेटतो, गडावर टाक्यात पाणी, देवळात नाहीतर गुहेत आसरा, आणि शनिवारी रात्री दुसरा ग्रुप असतोच. इथे रावा वाइल्डरनेसमध्ये मंगळवारी गेलास तर दोन दिवस माणूस न दिसणं अगदी शक्य आहे, आणि घोटा मुरगळला तर पिठलं-भाकरी घेऊन कोणी मामा येणार नाही.

दुसरं पावसाचं. आपला पाऊस चार महिने पडतो पण जीव घ्यायला सहसा वीज येत नाही ट्रेकला, इथे जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी निरभ्र आणि दुपारी एक-दोनला कडकडाट, रोजचं. झाडं साधारण ११,५०० फुटांवर संपतात, त्याच्या वर दुपारी बाराच्या पुढे राहायचं नाही, शिखर पन्नास पावलांवर असलं तरी. तंबू विजेपासून वाचवत नाही. डोंगराच्या धारेवर, एकट्या उंच झाडाखाली तंबू नको, आणि खोऱ्याच्या अगदी तळाशीही नको, रात्री गार हवा तिथेच उतरून बसते. भिजलास तर कॉटनचा टीशर्ट अंगावर वाळत नाही, लोकरी किंवा सिंथेटिक घाल, आणि झोपायचे मोजे वेगळे, कोरडे, पिशवीत बांधून ठेवलेले.

पहिल्यांदा एकटा जाऊच नको असं मी म्हणत नाही. पण पहिली रात्र गाडीच्या जवळ काढ, पूडर कॅन्यनच्या वरच्या अंगाला जागा आहेत, सगळं सामान वापरून बघ, पाऊस पडला तर उत्तमच. दुसऱ्या वेळी तीन-चार मैल आत. २०२० ची कॅमरन पीक आग त्याच भागातून गेली, दोन लाख एकरांवर जळलं, त्या पट्ट्यात जळके बुंधे अजून उभे आहेत, तिथे नुसतं चालत पुढे जा, मुक्काम नको. दक्षिणेला इंडियन पीक्सला जायचं म्हणालास तर १ जून ते १५ सप्टेंबर रात्रीच्या मुक्कामाला परमिट लागतं.

रूममेटला कागदावर लिहून दे: कुठल्या ट्रेलहेडला, म्हणजे वाट सुरू होते तिथे, गाडी, गाडीचा नंबर, कुठली वाट, कुठल्या रात्री कुठे, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. काय करायचं म्हणजे ९११, तो कॉल त्या काउंटीच्या शेरिफकडे जातो, शोधायला निघणारी माणसं बहुतेक स्वयंसेवक असतात आणि कोलोरॅडोत त्याचे पैसे लावत नाहीत, त्यामुळे बिलाच्या भीतीने सकाळपर्यंत थांबू नका असं त्याला बजावून ठेव. आयफोन १४ किंवा पुढचा असेल तर सॅटेलाइटवरून मदत मागता येते, तो आधी घरी उघड्यावर डेमो करून बघ, दाट झाडीत त्याला आकाश मिळत नाही. नसेल तर सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने घे, त्यावरून आईलाही "जेवलो, झोपतोय" एवढं पाठवता येतं.